भीतीची मशागत
मंचावरील भीती ही नवशिक्यांची व्याधी होय, असा सर्वसाधारण समज आहे. स्पेनमधील कातालोनियात १८७६ साली जन्मलेले थोर चेलोवादक पाब्लो कासाल्स यांचे चरित्र हा समज खोटा ठरविते. जगभर कीर्ती पसरल्यानंतरही प्रत्येक कार्यक्रमापूर्वी त्यांना धडकी भरत असे. १९०१ साली सॅन फ्रान्सिस्कोनजीकच्या टॅमलपाइस पर्वतावर दगड कोसळून त्यांचा डावा हात जायबंदी झाला, तेव्हा आता वादनातून कायमची सुटका झाली, हाच विचार त्यांच्या मनात प्रथम आला! परंतु हात बरा होताच ते पुन्हा मंचावर उभे राहिले.

व्हिएन्नातील पहिल्या मैफलीत हाताचा ताण घालविण्यासाठी त्यांनी गज फिरविला आणि तो निसटून श्रोत्यांत जाऊन पडला. श्रोत्यांनी तो निःशब्दपणे हातोहात परत पोहोचविला. तेवढ्या अवधीत त्यांचे चित्त स्थिर झाले आणि वादन उत्तम वठले.

कलेविषयीच्या आदरातूनच ही भीती उपजली होती, आणि तिला त्यांनी रियाजाच्या कामी जुंपले. बाखच्या एकल चेलोरचनांची प्रत त्यांना तेराव्या वर्षी बार्सिलोनातील एका दुकानात सापडली; त्या जाहीरपणे वाजविण्यापूर्वी त्यांनी १२ वर्षे त्यांचा अभ्यास केला. १९७१ साली, वयाच्या ९४ व्या वर्षी, संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात त्यांनी चेलो वाजविला. १९७३ साली त्यांचे निधन झाले.

परीक्षा, मुलाखत वा रंगमंच यांपुढे उभ्या असलेल्या तरुणांनी यातून एवढेच घ्यावे: भीती जाण्याची वाट पाहत बसू नये, तिने दिलेली अस्वस्थता आदल्या दिवसांच्या तयारीत खर्ची घालावी.