गॉर्डन हॉलचे बिऱ्हाड

ठाणे, डोंबिवली, कल्याण हा सारा बिऱ्हाडकरूंचा मुलूख आहे. माझ्या वर्गातल्या मुलामुलींची गावे विचारली तर कुणाचे कोकणात, कुणाचे खानदेशात, कुणाचे घाटावर. उल्हासनगरहून येणाऱ्या मित्रांचे आजे-पणजे तर फाळणीनंतर कल्याण कॅम्पात उतरलेले. नव्या जागी बिऱ्हाड थाटणे म्हणजे काय, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. म्हणूनच मराठी मुद्रणाचा इतिहास वाचताना भेटलेल्या एका परदेशी बिऱ्हाडकरूची हकीकत मित्रांना सांगावी असे मला वाटले. त्याचे नाव गॉर्डन हॉल. मुंबईत आलेल्या पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांपैकी हे एक.

हॉल यांचा जन्म १७८४ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. विल्यम्स कॉलेजातून १८०८ साली ते पदवीधर झाले. याच कॉलेजातल्या काही विद्यार्थ्यांनी १८०६ साली आपसांत परदेशी धर्मप्रसाराचा संकल्प सोडला होता आणि त्यातूनच पुढे १८१० साली ‘अमेरिकन बोर्ड’ ही संस्था उभी राहिली. विद्यार्थ्यांच्या गप्पांतून निघालेली गोष्ट किती दूर जाते, याचे हे उदाहरण आपणां विद्यार्थ्यांना तरी नवलाचे वाटावे! हॉल यांना वुडबरी गावच्या चर्चने कायमचे धर्मोपदेशकपद देऊ केले होते. घर, मान, निश्चित वेतन सारे त्यात होते. त्यांनी ते नाकारले. फेब्रुवारी १८१२ मध्ये सेलम येथे दीक्षाविधी झालेल्या पाच तरुणांत ते होते, आणि त्याच महिन्यात ते हिंदुस्थानकडे निघाले.

कलकत्त्याला पोचताच समोर आला तो कंपनी सरकारचा हुकूम : चालते व्हा. मिशनऱ्यांमुळे प्रजा बिथरेल आणि व्यापार बुडेल, ही कंपनीची धास्ती जुनीच होती. त्यात त्याच वर्षी इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात युद्ध जुंपले, म्हणजे हे पाहुणे शत्रुराष्ट्राचे ठरले. बरोबरचे काही जण ब्रह्मदेशाकडे वळले. सॅम्युएल न्यूएल आपल्या पत्नीसह मॉरिशसला गेले. तेथे हॅरिएट न्यूएल बाळंतपणानंतर वारली. तिचे वय अवघे एकोणीस वर्षांचे. हॉल मात्र सॅम्युएल नॉट आणि त्यांची पत्नी रोक्झाना यांच्यासह मुंबईच्या जहाजात बसले. ११ फेब्रुवारी १८१३ रोजी ते मुंबईत उतरले.

मुंबईतही तोच हुकूम त्यांच्या पाठोपाठ आला. गव्हर्नर सर इव्हान नेपियन मनाने सज्जन होते, पण वरचा आदेश मोडणे त्यांच्या हाती नव्हते. हॉल आणि नॉट गुपचूप कोचीनला निघून गेले; तेथून त्यांना पकडून परत आणण्यात आले. इंग्लंडला रवाना करण्याचा दिवसही मुक्रर झाला. अशा वेळी हॉल यांनी गव्हर्नरांना पत्र लिहिले आणि ख्रिस्ती राज्यकर्ताच ख्रिस्ती धर्मोपदेशकाला हाकलतो, याचा जाब त्यांच्याच सदसद्विवेकबुद्धीला विचारला. जाणे लांबले. १८१३ च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना दार किलकिले झाले होतेच. पुढच्या वर्षात त्यांना राहण्याची परवानगीही मिळाली. दोन वर्षे ज्याची वळकटी उलगडलीच नव्हती, त्याला आता पाय टेकायला जागा मिळाली.

परवानगी मिळाली म्हणून घर होत नाही. शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे. हॉल मुंबईत आल्याआल्याच मराठी शिकू लागले होते, आणि थोड्याच काळात ते रस्त्यावर, देवळांच्या आवारात, बाजारात उभे राहून मराठीत बोलू लागले. नॉट दांपत्य प्रकृतीमुळे १८१५ मध्ये परतले. तोवर न्यूएल एकटेच मुंबईला येऊन मिळाले होते. १८१६ मध्ये मुद्रणकला जाणणारे बार्डवेल आले. त्याच साली हॉल यांनी मुंबईतच मार्गारेट लुईस या इंग्रज बाईशी लग्न केले. १८१७ साली मिशनच्या छापखान्यातून पहिले मराठी छपाईकाम बाहेर पडले, तेही मोडीत न छापता बाळबोध अक्षरांत.

१८१८ हे साल आपण पेशवाईच्या अस्ताचे म्हणून पाठ करतो. त्याच वर्षी आणखी दोन अमेरिकन दांपत्ये मुंबईला आली. त्यांपैकी ग्रेव्हज माहीमला राहिले आणि जॉन निकोल्स यांचे बिऱ्हाड आपल्या ठाण्याला आले. ठाणे तेव्हा चव्वेचाळीस वर्षे इंग्रजांच्या ताब्यात होते, पण आगगाडी यायला अजून पस्तीस वर्षे होती. मासुंदा तलावाकाठी पोर्तुगीज काळापासूनचे चर्च होते. ते मात्र कॅथलिकांचे. म्हणजे निकोल्स कुटुंब या गावी हिंदूंना परके, मुसलमानांना परके आणि ख्रिस्ती शेजाऱ्यांनाही जवळजवळ परकेच! अशा गावात त्यांनी सहा वर्षे काढली. १८२४ साली निकोल्स वारले. त्याआधी १८२१ मध्ये न्यूएल पटकीने गेले होते. हॉल यांना दर दोन-तीन वर्षांनी एक सोबती मातीत ठेवावा लागत होता.

तरी काम चालूच राहिले. मुलांसाठी शाळा निघाल्या. त्यांत शिकवायला गावचेच पंतोजी आणि बेने इस्राएल समाजातले मास्तर असत. १८२४ मध्ये मुलींची शाळा निघाली. मुलीने अक्षर गिरवले तर घरावर संकट येते, अशी समजूत असलेला तो काळ होता. नव्या कराराचे मराठी भाषांतर हा हॉल यांचा ध्यास होता. ते संपूर्ण पुस्तक १८२६ साली छापून झाले.

या सगळ्याची किंमत घराने मोजली. मुंबईची हवा मुलांना मानवेना. शेवटी १८२५ मध्ये मार्गारेटबाई दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाल्या. माणसे इतकी कमी उरली होती की हॉल यांनी मागेच राहायचे ठरवले. बंदरावरच्या त्या निरोपानंतर नवराबायको पुन्हा भेटली नाहीत. थोरला मुलगा तर वाटेत जहाजावरच दगावला. धाकटा जगला आणि बापाचेच नाव घेऊन पुढे धर्मोपदेशक झाला.

मार्च १८२६ मध्ये हॉल नाशिक-त्र्यंबकच्या दौऱ्यावर गेले. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीने घाट चढून आपण आज काही तासांत नाशिक गाठतो. तेव्हा तो दिवसांचा प्रवास होता. नाशिकला पटकीची साथ होती. अमेरिकेतून निघण्यापूर्वी हॉल थोडे वैद्यक शिकले होते. जवळची औषधे त्यांनी रोग्यांना वाटून टाकली आणि परत फिरले. वाटेवरच्या एका खेड्यात, देवळाच्या ओसरीवर मुक्काम असताना त्यांनाही तोच आजार जडला. काही तासांतच, २० मार्चला, सारे संपले. बरोबरच्या दोन मुलांनी तेथेच खड्डा खणून, पेटीशिवाय, त्यांना मूठमाती दिली. ज्यांच्या देवांवर त्यांनी तेरा वर्षे टीका केली, त्यांच्याच देवळाने त्यांना अखेरचा आसरा दिला.

या माणसाचा हेतू मला पटत नाही, हे मी मोकळेपणाने लिहितो. आपल्या देवाधर्माविषयी या मिशनऱ्यांनी लिहिलेले पुष्कळसे कडवट आहे, एकांगी आहे. आणि ज्या धर्मांतरासाठी ते आले, त्याचे फळ हॉल यांच्या हयातीत जवळजवळ शून्य होते. त्यांच्याच मापाने मोजले तर हे आयुष्य फुकट गेले असे म्हणावे लागेल.

पण आपले माप निराळे आहे. त्या छापखान्यात काम शिकून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना काढला आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले. पुढे निर्णयसागरचे जावजी दादाजी लहानपणी कामाला लागले तेही याच छापखान्यात. ख्रिस्ती पत्रके छापण्यासाठी मांडलेल्या यंत्रावर शिकलेल्या हातांनी पंचांगे, पोथ्या आणि संस्कृत काव्ये घरोघर पोचवली! मुलींच्या शाळेचे काम १८२७ साली आलेल्या सिंथिया फरार यांनी पुढे चालवले. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, त्यांच्या शाळा पाहूनच जोतीराव फुल्यांच्या मनात मुलींच्या शाळेचा विचार पक्का झाला.

बिऱ्हाडकरू जागा सोडून जातो तेव्हा भिंतीतली खुंटी काढून नेत नाही. पुढचा येतो आणि तिला आपला सदरा अडकवतो. खुंटी कुणी ठोकली हे तो विचारत नाही. मित्रहो, आपले हे वार्षिक ज्या अक्षरांत छापले आहे, ती बाळबोध अक्षरे मुंबईच्या मराठी छपाईत रुळवणाऱ्यांत या माणसाचा वाटा आहे. नाशिककडच्या त्या खेड्यात निजलेल्या परक्याबद्दल एवढे तरी आपल्याला माहीत असावे.