रवींद्रांचे घरचे शिक्षण

रवींद्रनाथ ठाकूर यांचा जन्म १८६१ मध्ये कलकत्त्यात झाला. शाळेत त्यांचे मन रमेना. खरे शिक्षण घरीच झाले. पहाटे कुस्ती, मग गणित, सायंकाळी चित्रकला आणि रात्री दिव्यापाशी इंग्रजी, असा क्रम असे. वडील बंधू हेमेंद्रनाथ यांनी मातृभाषेचा पाया आधी पक्का करून घेतला होता. त्यामुळे बालवयातच रवींद्र बंगाली ग्रंथ आवडीने वाची, कविताही रची. इंग्रजीचे पुस्तक उघडताच मात्र त्याचे डोळे मिटू लागत. मुसळधार पावसातही गल्लीच्या वळणावर अघोरबाबू मास्तरांची काळी छत्री दिसे, तेव्हा त्या बिचाऱ्याची केवढी निराशा होई!

पुढे ज्ञानचंद्र भट्टाचार्य हे शिक्षक आले. क्रमिक पुस्तकांत मुलाचे चित्त लागत नाही, हे पाहून त्यांनी ती बाजूस ठेवली. शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’ नाटकाचा थोडाथोडा भाग ते बंगालीत समजावून सांगत आणि त्याचे पद्य होईपर्यंत त्याला खोलीत कोंडून ठेवीत. कविता त्याच्या हातची होती. तिचे बोट धरून इंग्रजी आली.

तरीही ती बोलताना अडखळेच. म्हणून १८७८ मध्ये, विलायतेस जाण्यापूर्वी, सतरा वर्षांचे रवींद्रनाथ मुंबईस डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी राहिले. डॉक्टरांच्या कन्या अन्नपूर्णा त्यांना इंग्रजी संभाषण शिकवीत, आणि ते त्यांना आपली बंगाली गीते ऐकवीत.