डॉ. हाफकिन आणि प्लेगची लस

1994 साली आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात प्लेग आला, तेव्हा केवढी घबराट पसरली होती, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. 1896 साली मुंबईत हाच रोग आला. त्या वेळी त्यावर ना औषध होते, ना लस. लोक शहर सोडून पळू लागले. ऑक्टोबर महिन्यात एक परदेशी शास्त्रज्ञ मात्र मुंबईत आला. त्याचे नाव डॉ. वाल्देमार हाफकिन.

त्यांचा जन्म 1860 साली ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि 1893 साली ते भारतात आले.

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना काम करायला लहानशी जागा मिळाली. तेथे त्यांनी बाटलीतील मांसरसात प्लेगचे जंतू वाढवले. रसावर थोडे साजूक तूप तरंगत असे. आपल्या स्वयंपाकघरातले तूप प्रयोगशाळेत! जंतू त्या तुपाला धरून खाली लोंबत वाढत. मग उष्णता देऊन ते मारले, की लस तयार होई. ही लस प्रथम सशांना टोचली. नंतर प्लेगचे जिवंत जंतू टोचले, तरी ते ससे वाचले. असे का झाले? मेलेले जंतू रोग पसरवू शकत नाहीत. पण शरीर त्यांना शत्रू म्हणून ओळखते आणि त्यांच्याशी लढणारी प्रतिपिंडे तयार करते.

10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, पण ते बरे झाले. मग भायखळ्याच्या तुरुंगातील काही कैदी स्वखुशीने पुढे आले. तरीही लोकांची भीती जाईना. तेव्हा आगाखान यांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपला बंगलाही दिला.

पुढे मोठे संकट आले. 1902 साली पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेली 19 माणसे धनुर्वाताने दगावली. सारा दोष हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांचे काम थांबवण्यात आले. खरे पाहता ती सर्व माणसे एकाच बाटलीतील लस घेतलेली होती. त्याच दिवशी इतर बाटल्यांतील लस घेतलेल्यांना काहीही झाले नव्हते. गावात ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला 1907 साल उजाडले! हाफकिन पुन्हा भारतात कामावर आले, पण मधली वर्षे वाया गेली ती गेलीच.

1925 साली परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था असे नाव देण्यात आले. पुढे याच संस्थेत डॉ. साहिब सिंग सोखे यांनी प्लेगच्या लसीची ताकद पांढऱ्या उंदरांवर तपासली. हाफकिन मात्र तेव्हा हयात नव्हते. 1930 साली स्वित्झर्लंडमधील लोझान शहरात त्यांचे निधन झाले होते.