रणजी
मुलांनो, रणजी करंडकाचे नाव तुम्ही ऐकले असेल. हा करंडक रणजितसिंहांच्या नावाने दिला जातो. त्यांचा जन्म १८७२ साली काठेवाडात झाला. शिक्षणासाठी ते इंग्लंडमधील केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले. ते क्रिकेट चांगले खेळत. पण विद्यापीठाच्या संघात त्यांना जागा मिळेना. तरी ते रुसून बसले नाहीत. तेथे पार्कर्स पीस नावाचे मोकळे मैदान आहे. त्यावर एकाच वेळी अनेक सामने चालत. रणजी तेथे गावातल्या साध्या संघांकडून खेळू लागले. ज्या कप्तानाने आधी त्यांना घेतले नव्हते, त्यानेच १८९३ साली त्यांना विद्यापीठाच्या संघात घेतले. १८९६ साली मँचेस्टरला पहिल्याच कसोटीत त्यांनी इंग्लंडकडून ६२ आणि नाबाद १५४ धावा केल्या. १९३३ साली ते वारले. मित्रांनो, तुम्हाला कधी संघात घेतले नाही, तर मैदान सोडू नका.