हवेचा हिशेब मांडणारी परिचारिका

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव उच्चारताच हाती दिवा घेऊन जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी परिचारिका डोळ्यांसमोर उभी राहते. पाठ्यपुस्तकांनी रूढ केलेली ही प्रतिमा खोटी नव्हे. अपुरी मात्र आहे. १८२० ते १९१० असे दीर्घायुष्य लाभलेल्या या बाईंची युद्धकाळातील सेवा दोन वर्षांचीही भरत नाही. त्यानंतरची कित्येक वर्षे त्या आकडे आणि सरकारी अहवाल यांच्याशी झुंजत राहिल्या.

क्रिमियन युद्धात स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ वर गेले होते. सैनिक मरत होते ते जखमांपेक्षा रोगांनी. मार्चमध्ये आलेल्या आरोग्य आयोगाने तुंबलेली गटारे साफ करविली, कोंदट दालनांत हवा खेळती केली आणि जूनपर्यंत हे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास उतरले. युद्ध संपल्यावर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साहाय्याने हे आकडे मांडताना, माणूस जेथे राहतो ती जागाच त्याला मारते, ही गोष्ट बाईंच्या मनात पक्की झाली.

पुढे त्यांचे लक्ष हिंदुस्थानाकडे वळले. त्या येथे कधीच आल्या नाहीत. पण देशभरच्या छावण्यांकडे प्रश्नावल्या पाठवून त्यांनी माहिती गोळा केली. १८६३ च्या अहवालात गोऱ्या सैनिकांचा मृत्युदर हजारी ६९ दिसला. दहा वर्षांनी तो हजारी १८ वर आल्याचे त्यांनी दाखवून दिले. उत्तरायुष्यात त्यांनी पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही खेड्यांच्या आरोग्याविषयी पत्रव्यवहार केला.

खोली प्रशस्त असून भागत नाही, आतील हवा सतत बदलली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्याला माप दिले शास्त्रज्ञांनी. म्युनिकच्या पेटेनकोफर यांनी १८५८ साली कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावरून खोलीतील हवेची शुद्धता ठरविली. बाईंच्या प्रयत्नांनी १८६० साली निघालेल्या लष्करी वैद्यक विद्यालयात पार्क्स व द शॉमाँ यांनी हिशेब पुढे नेला. माणूस तासाला सुमारे ०.६ घनफूट हा वायू सोडतो. बाहेरील हवेत तो तेव्हा दहा हजारी चार होता. आत तो सहाच्या वर जाऊ द्यायचा नसेल, तर माणशी तासाला ३००० घनफूट ताजी हवा हवी.

बाईंची उपपत्ती चुकीची होती, हे मान्य केले पाहिजे. दूषित हवाच रोग निर्माण करते असे त्या मानीत आणि जंतुवादाविषयी दीर्घकाळ साशंक राहिल्या. तथापि क्षय, गोवर आणि २०२० ची महासाथ यांचे जंतू कोंडलेल्या हवेतूनच पसरतात, हे आज सिद्ध आहे. कारण चुकले, उपाय चुकला नाही.

खडकीच्या छावणीपलीकडे पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली आणि पुढे कारखान्यांची रांग चाकणपर्यंत गेली. १९४८ च्या कारखाना कायद्याने नव्या कारखान्यात प्रत्येक कामगारामागे किमान ५०० घनफूट जागा ठरविली. १४ फुटांवरील उंची त्यात धरावयाची नाही, असेही बजावले. परंतु पाळी संपवून कामगार ज्या भाड्याच्या खोलीत परततो, तिचे काय? दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि नऊ फूट उंच खोलीत ९०० घनफूट हवा मावते. कारखान्याच्या मापाने ती दोघांनाही पुरत नाही. तेथे पाच जण झोपले, तर प्रत्येकाच्या वाट्याला १८० घनफूट येते. पार्क्स यांच्या हिशेबाने त्या खोलीतील हवा तासाला सतरा वेळा बदलावी लागेल. आणि डासांच्या भयाने एकुलती एक खिडकी तर बंद!

बांधकामाचे नियम खिडकीचा आकार ठरवितात. आतील माणसे कोणी मोजत नाही. दाटीने राहून वाचलेले भाडे औषधात आणि बुडालेल्या रोजंदारीत जाते, आणि हा तोटा कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही. समोरासमोर खिडक्या, छताजवळ झरोके आणि खोलीमागे माणसांची मर्यादा यांना फारसा खर्च नाही. कारखान्याच्या दारापर्यंत येऊन थांबलेला नाइटिंगेलबाईंचा हिशेब कामगाराच्या घरापर्यंत नेणे, हे नगरपालिकांचे आणि उद्योगांचे राहून गेलेले कर्तव्य होय.