विश्लेषण : पाठीतील पाण्यावरून मेंदूचा आजार ओळखणारे क्विंके कोण होते?

मेंदूज्वराचा संशय आला की डॉक्टर पाठीतील पाणी तपासायला सांगतात. नातेवाईकांच्या मनात मात्र रुग्ण कायमचा लुळा होईल, ही भीती असते. त्या पाण्यातील प्रथिनांचे गणित आता संगणक करतो आणि आजाराचे स्वरूप सुचवतो. या तपासणीचा पाया १८९१ मध्ये हाइनरिख क्विंके या जर्मन डॉक्टरांनी घातला. त्यांनी काय केले आणि त्याचा आजच्या संगणकीय विश्लेषणाशी काय संबंध, याविषयी...

क्विंके यांची जडणघडण कशी झाली?

हाइनरिख इरेनेउस क्विंके यांचा जन्म २६ ऑगस्ट १८४२ रोजी ओडर नदीकाठच्या फ्रँकफर्टमध्ये झाला. वडील डॉक्टर होते, तर थोरले बंधू गेओर्ग पुढे भौतिकशास्त्रज्ञ म्हणून नावाजले. रुडॉल्फ व्हिर्शो आणि हेर्मान हेल्महोल्ट्झ यांच्यासारखे शिक्षक हाइनरिख यांना लाभले. वैद्यकीय पदवीनंतर त्यांनी बर्लिनमध्ये फ्रेरिख्स या नामांकित वैद्यांच्या हाताखाली काम केले. १८७३ मध्ये ते स्वित्झर्लंडमधील बर्न येथे प्राध्यापक झाले. १८७८ मध्ये ते उत्तर जर्मनीतील कील विद्यापीठात गेले आणि १९०८ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. नखाखालच्या रक्तवाहिन्यांत दिसणारी धडधड आणि ओठ-पापण्यांना अचानक येणारी सूज या दोन्ही लक्षणांना त्यांचे नाव आहे.

पाठीत सुई घालण्याची कल्पना कुठून आली?

मेंदू आणि मज्जारज्जूभोवती एक नितळ द्रव असतो. प्रौढ माणसात तो साधारण १५० मिलिलिटर असतो. शरीर तो रोज सुमारे ५०० मिलिलिटर तयार करते आणि तेवढाच रक्तात परत शोषला जातो. हा द्रव कुठून कुठे जातो, हे पाहण्यासाठी क्विंके यांनी कुत्र्यांच्या मज्जारज्जूभोवती हिंगूळ हे लाल रंगद्रव्य टोचले होते. ते प्रयोग १८७२ मध्ये प्रसिद्ध झाले. डोके आणि पाठीचा कणा यांतील द्रवाच्या जागा एकमेकींना जोडलेल्या आहेत, हे त्यातून दिसले. मग डोक्यातील दाब पाठीतूनही कमी करता येईल, असा विचार पुढे आला.

डोक्यात पाणी साचलेल्या मुलांसाठी तेव्हा फारसे काही करता येत नसे. त्या पाण्याचा दाब उतरवणे, हा क्विंके यांचा पहिला हेतू होता. म्हणजे सुरुवात उपचार म्हणून झाली, तपासणी म्हणून नव्हे. एप्रिल १८९१ मध्ये विस्बाडेन येथील वैद्यक परिषदेत त्यांनी ही पद्धत मांडली. त्याच सुमारास लंडनमध्ये वॉल्टर एसेक्स विंटर यांनीही मेंदूज्वर झालेल्या मुलांच्या पाठीतून पाणी काढले होते, पण त्यासाठी त्यांनी त्वचेला छेद देऊन नळी बसवली. क्विंके यांची पद्धत साध्या सुईची होती आणि ती रुग्णाच्या खाटेजवळ करता येत होती.

लुळेपणाची भीती कितपत खरी?

याचे उत्तर क्विंके यांनी निवडलेल्या जागेत आहे. प्रौढांमध्ये मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली, साधारण तिसऱ्या आणि चौथ्या मणक्याच्या मधून जाते. तिथे फक्त द्रवात मोकळे तरंगणारे मज्जातंतू असतात. त्यामुळे तपासणीनंतर काही दिवस डोके दुखू शकते, पण लुळेपणा ही अत्यंत दुर्मीळ गोष्ट आहे. मेंदूत गाठीमुळे दाब वाढला असेल किंवा रक्त गोठत नसेल, तर मात्र धोका असतो. म्हणूनच अशा रुग्णांची आधी स्कॅन आणि रक्ताची तपासणी केली जाते.

क्विंके यांचे वेगळेपण कशात?

पाणी काढून ते थांबले नाहीत. सुईला काचेची नळी जोडून त्यांनी दाब मोजला. द्रव नितळ आहे की गढूळ, त्यात प्रथिने किती, जंतू आहेत का, याच्या नोंदी ठेवल्या. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा चार वर्षे बाकी होती. जिवंत माणसाच्या कवटीत काय चालले आहे, हे कळण्याचा दुसरा मार्ग जवळपास नव्हता. पाहता पाहता उपचारासाठी काढलेले पाणी निदानाचे साधन बनले. १८९८ मध्ये कीलमध्येच ऑगस्ट बीअर यांनी याच वाटेने औषध टोचून कमरेखालचा भाग बधिर केला. आज सिझेरियनच्या वेळी पाठीत दिले जाणारे इंजेक्शन त्यातूनच आले. क्विंके यांचे नाव नोबेलसाठी अनेकदा सुचवले गेले, पण तो सन्मान त्यांना मिळाला नाही. १९ मे १९२२ रोजी माइन नदीकाठच्या फ्रँकफर्टमध्ये त्यांचे निधन झाले.

संगणक आता नेमके काय करतो?

द्रवात प्रथिने वाढलेली दिसली, तर ती रक्तातून झिरपली की मेंदूतच तयार झाली, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. अल्ब्युमिन हे प्रथिन फक्त यकृतात बनते, म्हणजे द्रवातील सगळे अल्ब्युमिन रक्तातूनच आलेले असते. रक्त आणि द्रव यांतील त्याच्या गुणोत्तरावरून गळती किती, हे समजते. त्या गळतीच्या मानाने प्रतिपिंडे जास्त असतील, तर ती मेंदूत बनत आहेत. जर्मनीतील गॉटिंगेन येथील हान्सोटो राइबर यांनी १९८०-९० च्या दशकांत हा संबंध वक्ररेषेच्या आलेखात बसवला. आता संगणक तीन प्रकारच्या प्रतिपिंडांचे आलेख एकाच वेळी काढतो. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये सहसा ‘आयजीजी’ वाढते, तर मेंदूच्या क्षयरोगात मोठ्या गळतीबरोबर ‘आयजीए’ वाढलेली दिसू शकते. मात्र रक्त आणि पाणी यांचे नमुने एकाच वेळी घेतलेले नसतील, तर हे गणित चुकते. शिवाय आलेख फक्त शक्यता दाखवतो. निदान डॉक्टरांनाच करावे लागते.

आपल्यासाठी याचे महत्त्व काय?

भारतात क्षयरोगाचे प्रमाण मोठे आहे आणि मेंदूचा क्षयरोग हा त्याचा सर्वांत घातक प्रकारांपैकी एक. त्यात उपचाराला झालेला उशीर जिवावर बेततो किंवा कायमचे अपंगत्व मागे ठेवतो. घरच्यांनी भीतीपोटी तपासणी दोन-तीन दिवस लांबवली, तर ज्या लुळेपणाची धास्ती असते, तो सुईने नव्हे तर आजाराने येऊ शकतो. संमतीच्या कागदावर सही करण्यापूर्वी सुई कुठे घालणार, आधी कोणत्या तपासण्या झाल्या आणि पाण्यात काय शोधणार, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.