चुकीच्या मुळाशी जाताना

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात ९ डिसेंबर १९०६ रोजी ग्रेस मरे यांचा जन्म झाला. गजर कसा वाजतो हे पाहण्यासाठी सातव्या वर्षी त्यांनी घरातील एक घड्याळ उघडले. सुटे केलेले भाग पुन्हा जुळेनात, म्हणून दुसरे उघडले. असे करता करता घरातील सातही घड्याळे सुटी झाली. आईने त्यांचे कुतूहल दडपले नाही. यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करावेत, एवढीच ताकीद दिली. वस्तूचे आतले काम समजून घेण्याची ही वृत्ती त्यांना आयुष्यभर उपयोगी पडली.

व्हॅसार महाविद्यालयातून त्या १९२८ मध्ये पदवीधर झाल्या. १९३० मध्ये व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि १९३४ मध्ये येल विद्यापीठाने त्यांना गणितातील डॉक्टरेट दिली. पुढे दुसरे महायुद्ध भडकले, तेव्हा अध्यापन सोडून नौदलात जाण्याचा त्यांनी निश्चय केला. वय अधिक आणि वजन नियमापेक्षा कमी, अशा दोन अडचणी होत्या. तरीही खास परवानगी मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलात दाखल झाल्या.

१९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात, हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली झाली. तेथे ‘मार्क १’ नावाचे ५१ फूट लांबीचे गणकयंत्र होते. कागदी फितीवर भोके पाडून त्याला आज्ञा द्याव्या लागत. ते एका सेकंदात तीन बेरजा करी आणि नौदलाला लागणारी किचकट गणिते सोडवी. एखादे भोक चुकीच्या जागी पडले, तरी पुढचे सारे उत्तर बिघडे. युद्धाच्या धामधुमीत अशी चूक महागात पडू शकत होती. चूक यंत्रात आहे की आज्ञेत, हे ठरविण्यासाठी एकेक पायरी तपासून पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते.

युद्धानंतर हार्वर्डमध्येच ‘मार्क २’ या यंत्राची चाचणी चालू होती. ९ सप्टेंबर १९४७ रोजी यंत्रात बिघाड झाला. शोध घेता घेता कर्मचारी ७० क्रमांकाच्या रिलेपाशी, म्हणजे विजेवर उघडमीट होणाऱ्या एका कळीपाशी, पोहोचले. दिव्यावर झेपावतो तसा एक पतंग तिच्यात अडकून मेला होता. त्यांनी तो बाहेर काढून चिकटपट्टीने नोंदवहीत लावला आणि शेजारी वेळ लिहिली : दुपारचे पावणेचार. इंग्रजीत किड्याला ‘बग’ म्हणतात. यंत्रातील दोषाला हा शब्द हॉपर यांनी दिला, असे पुष्कळदा सांगितले जाते. पण ते खरे नाही. एडिसन यांनी तो १८७८ मध्येच वापरला होता. पतंगही हॉपर यांना स्वतःला सापडला नव्हता. मात्र त्यांनी ही हकिकत रंगवून सांगितली आणि दोष शोधून दूर करण्याच्या कामाचे ‘डीबगिंग’ हे नाव घरोघरी पोहोचविले.

१९४९ मध्ये त्या फिलाडेल्फिया येथील संगणक तयार करणाऱ्या कंपनीत रुजू झाल्या. आज्ञावली लिहिणारे लोक जुन्या वह्यांतून तयार तुकडे उतरवून घेत आणि उतरवताना चुकत, हे त्यांच्या ध्यानात आले. नकलण्याचे काम यंत्रानेच का करू नये, असा विचार करून १९५२ मध्ये त्यांनी ‘ए-०’ हा कंपायलर सिद्ध केला. नेमके तुकडे शोधून ते जोडण्याचे काम आता संगणक करू लागला. चूक सापडल्यावर ती सुधारणे ही एक गोष्ट. ती पुन्हा घडूच नये अशी व्यवस्था करणे ही त्यापुढची. हॉपर यांनी ही पुढची पायरी गाठली. साध्या इंग्रजी शब्दांत आज्ञा लिहिण्याच्या त्यांच्या पद्धतीवरूनच १९५९ मध्ये ‘कोबॉल’ या भाषेची आखणी सुरू झाली.

आज दोष शोधण्यासाठी ‘डीबगर’ नावाची आज्ञावली असते. हव्या त्या ओळीवर ती संगणकाचे काम थांबविते, तेथून एकेक ओळ पुढे नेते आणि प्रत्येक पायरीला कोणती संख्या कोठे आहे ते दाखविते. यंत्रातील आज्ञा मूळच्या कोणत्या ओळीवरून आली, ही माहिती तिला कंपायलरकडून मिळते.

नौदलाने १९६६ मध्ये हॉपर यांना निवृत्त केले; पण पुढच्याच वर्षी परत बोलावले. अखेर १९८६ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्या रिअर ॲडमिरल या पदावरून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. २०१६ मध्ये अमेरिकेने त्यांना ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा सर्वोच्च नागरी सन्मान मरणोत्तर दिला.

हार्वर्डची ती नोंदवही वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात जतन केली आहे. चूक झाकायची नसते. ती कोठे, केव्हा आणि कशामुळे झाली हे लिहून ठेवायचे असते, याची ती साक्ष आहे.